आठ्यांचं इंजेक्शन : कोणतं घ्यावं, काय विचारावं



बोटॉक्स हा शब्द आता आपल्या महिला मंडळातही ऐकू येतो. लग्नसराई जवळ आली की कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "कुठलं चांगलं गं?" यंदा विचारणारी माझी धाकटी बहीण होती. वय अठ्ठावन्न. तिच्या दोन भुवयांच्या मध्ये उभ्या आठ्या आहेत, त्यामुळे ती शांत बसली तरी रागावल्यासारखी दिसते. नवी सून पहिले सहा महिने तिला घाबरूनच असायची. "अक्का, मला तरुण दिसायचं नाही गं, चिडलेली दिसायचं नाही," असं ती म्हणाली. यावर अशुचि भावना ऐकवता आली असती. पण दर महिन्याला केसांना मेंदी लावणाऱ्या बाईनं ती कुणाला ऐकवावी? मी चष्मा लावला आणि कंपन्यांची माहितीपत्रकं वाचायला बसले.

बोटॉक्स, डिस्पोर्ट, झिओमिन ही नावं वेगळी, पण आतलं मूळ द्रव्य एकच. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचं विष. हवा न लागता साठवलेल्या, बिघडलेल्या अन्नात तो वाढतो, आणि त्याचं नाव लॅटिनमधल्या सॉसेजच्या शब्दावरून पडलं आहे. (पदार्थाची मर्यादा संपली की तो टाकायचा, हे आजी का सांगायची ते असं कुठे कुठे आठवतं.) अगदी सूक्ष्म मात्रेत ते स्नायूत टोचलं की नसेकडून येणारा निरोप स्नायूला पोचत नाही, स्नायू सैल पडतो आणि आठी उलगडते. साधारण तीन-चार महिन्यांनी परिणाम ओसरतो. म्हणजे हा एकदाचा खर्च नाही, वर्षाचा हप्ता आहे.

भावाचा घोळ आधी सांगते. दर "युनिट"वर सांगतात, पण प्रत्येक कंपनीचं युनिट वेगळं. भुवयांमधल्या आठ्यांना बोटॉक्स किंवा झिओमिनची २० युनिटं लागतात, डिस्पोर्टची ५०. समजा एकाचा दर ३०० रुपये आणि दुसऱ्याचा १२०. दुसरं स्वस्त वाटेल, पण दोन्हीकडे बिल ६००० रुपयेच. युनिटचा दर विचारूच नका, एका बैठकीची एकूण रक्कम विचारा. डिस्पोर्टचा परिणाम थोडा लवकर, दोन-तीन दिवसांत दिसू लागतो. बाकी अनुभवी हातात तिन्हींच्या निकालात फार फरक नसतो. मग निवड कशावर करायची?

आपण बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका शोधतो. या बाटलीवर तो नसतो, म्हणून आत काय आहे ते वाचावं लागतं. तिन्हींमध्ये मानवी अल्ब्युमिन आहे, म्हणजे माणसाच्या रक्तातलं प्रथिन. शिवाय डिस्पोर्टमध्ये दुधातली साखर आहे, आणि गाईच्या दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्यांना ते चालत नाही. झिओमिनमध्ये साधी साखर, बोटॉक्समध्ये मीठ. अमेरिकेत २०२२ मध्ये डॅक्सिफाय नावाचं नवं औषध मान्य झालं. त्यात अल्ब्युमिन नाही आणि परिणामही जास्त टिकतो, पण आमच्या डॉक्टरांकडे ते नव्हतं.

रक्त हा शब्द वाचून बहिणीनं कानाला हात लावले. मला मात्र रक्तानं फारसं अडवलं नाही. ते जिवंत माणसानं दिलेलं असतं, देणारा उठून घरी जातो. महावीर जयंतीला आपणच रक्तदान शिबिरं भरवतो. ही किळस झाली, हिंसा नव्हे.

हिंसा मला दुसऱ्याच ओळीत सापडली, युनिटच्या व्याख्येत. माहितीपत्रकात सरळ लिहिलेलं असतं : एक युनिट म्हणजे उंदरांच्या पोटात टोचल्यावर त्यांतले निम्मे मरतील इतकी मात्रा. म्हणजे मापच मरणाचं. आणि हे एकदा ठरवून संपत नाही. औषधाचा प्रत्येक घाणा किती तीव्र आहे हे तपासायला वर्षानुवर्षं उंदरांवर हीच चाचणी होत आली. ते वाचल्यावर त्या रात्री सामायिकात मन लागलं नाही.

यात बदल झाला आहे, हेही सांगायला हवं. २०११ मध्ये बोटॉक्सच्या कंपनीची, म्हणजे ॲलर्गनची, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरची चाचणी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मान्य केली. डिस्पोर्ट आणि झिओमिनवाल्यांनीही पुढे तशा पद्धती आणल्या. उंदीर पूर्ण सुटले असं नाही, पण गरज खूप कमी झाली. म्हणून माझ्या मते विचारण्यासारखा पहिला प्रश्न हाच : हा घाणा कशावर तपासला? एका दवाखान्यात मोठी सवलत चालू होती. तिथं मी औषधाचं नाव विचारलं, तर "सगळं बोटॉक्सच असतं हो काकू" असं उत्तर मिळालं. आम्ही तिथून उठलो.

एक फरक मात्र मी करते. हेच औषध पापण्या आपोआप मिटत राहतात त्यावर, मान वाकडी होते त्यावर, पक्षाघातानंतर आखडलेल्या हातावर, जुनाट अर्धशिशीवरही देतात. तिथं मी माहितीपत्रक उघडणार नाही आणि तुम्हीही उघडू नका. रोग्याचं दुखणं आणि आपली हौस एका खात्यात मांडायची नाही.

बहिणीला मी सगळा कागद मांडून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "घेणार, पण पेशींवर तपासलेलंच. आणि एकदाच. सून हसून बोलायला लागली की पुन्हा नाही." मी स्वतः घेणार नाही, पण तिच्या निर्णयाला नावंही ठेवणार नाही. त्या घरात तिला राहायचं आहे.

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर बाटली समोर फोडायला सांगा, नाव, बॅच आणि मुदत वाचा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा. स्नायूंच्या कमजोरीचा आजार असेल, तर हे टाळायचंच. इंजेक्शननंतर चारेक तास आडवं पडू नका, कपाळ चोळू नका, असं डॉक्टर सांगतात. तेव्हा अभिषेक, दर्शन, वाकून नमस्कार सगळं सकाळीच उरकून घ्या. गंधोदकही आधीच कपाळाला लावा, नंतर टोचलेल्या जागी पाण्याचं बोट नको. बहिणीनं दशलक्षण पर्व संपल्यानंतरची तारीख घेतली आहे, क्षमावाणीच्या पुढच्या आठवड्यातली.