खापरावरचा जपानी चहा

सुरतेस आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना शहर दाखविण्याचे काम माझ्याकडे येते. शाळेचा मुख्याध्यापक, म्हणजे इकडच्या बोलीत ‘आचार्य’, म्हटल्यावर त्याला इतिहास येत असलाच पाहिजे, असा लोकांचा समज असतो. पाहुणे मराठी असल्यामुळे १६६४ आणि १६७० ही दोन साले त्यांना पाठ असतात. घारी, लोचो आणि उंधियू ही तीन नावेही पाठ असतात. मी मात्र त्यांना प्रथम कतारगाम दरवाज्याजवळच्या डच दफनभूमीत नेतो. तेथे एका भव्य दुमजली घुमटाखाली हेंड्रिक व्हान ऱ्हेडे हा डच अधिकारी चिरनिद्रा घेत आहे. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविणारा हाच तो गृहस्थ. कोचीनहून सुरतेस येत असता डिसेंबर १६९१ मध्ये जहाजावरच त्याचा अंत झाला.

पाहुणे घुमटाभोवती एक फेरी मारतात आणि विचारतात, “येथे विशेष पाहण्यासारखे काय?” मी म्हणतो, “चहा!” ते माझ्याकडे संशयाने पाहू लागतात. तेव्हा खुलासा करणे भाग पडते.

आपल्याकडे चहा इंग्रजांनी आणला आणि तोही आसामचे मळे लागल्यावर, अशी आपली सर्वांची समजूत आहे. परंतु त्याच्या दोनशे वर्षे आधी सुरतेत चहा पितात हे प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. मांडेलस्लो नावाचा जर्मन प्रवासी १६३८ साली येथे आला. येथील इंग्रजांच्या बैठकीत रोज चहा असे, आणि हे पेय देशी लोक व डच हेही पोट साफ ठेवणारे औषध म्हणून घेत, असे त्याने नमूद केले आहे. १६८९ साली आलेला जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री तर त्याहून बारकाईने लिहितो. डचांच्या घरी चहाची किटली विस्तवावरून क्वचितच उतरे. येथील वाणी लोक चहात गरम मसाले आणि खडीसाखर घालीत, कोणी मुरविलेले लहान लिंबू घालीत, आणि डोकेदुखीवर व पोटातील मुरड्यावर तो गुणकारी मानीत. पुढे १६९९ साली याच ओव्हिंग्टनने चहावर एक स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. सुरतेस येणारा तो चहा मुख्यतः चीनचा असे. आणि ज्या डचांची येथे वखार होती, त्यांचीच दुसरी वखार १६४१ पासून जपानात नागासाकीजवळ देशिमा या चिमुकल्या बेटावर होती. हिंदुस्थानचे रंगीत सुती कापड त्यांच्या जहाजांतून जपानात जाई. जपानी लोक त्या कापडाला ‘सारासा’ म्हणत.

हा सारा इतिहास मला माहीत होता, पण तो पुस्तकी होता. गेल्या हिवाळ्यात तो आमच्या स्वयंपाकघरात आला, त्याची ही हकीकत.

आमची आई ऐंशीच्या घरात आहे. अमळनेर तालुक्यातील एका खेड्यातून, १९७५ च्या सुमारास, माझ्या हाताला धरून ती ताप्ती खोऱ्याच्या गाडीने उधन्याला उतरली. वडील लूमच्या कारखान्यात होते. ते पाळीवरून परतले की संध्याकाळी पाच वाजता आई चहा टाकी, आणि दोघे ओट्यावर बसून तो घेत. लिंबायतच्या त्या गल्लीत दोघांना मिळून स्वतःचा असा दिवसातला तेवढाच काय तो वेळ होता. वडील गेल्यावरही आईने पाचचा चहा सोडला नाही. कपबशी एकच झाली, इतकेच.

वर्षभरापूर्वी आईची झोप उडाली. रात्रीचे दोन-दोन वाजेपर्यंत ती अंथरुणावर बसून असे. डॉक्टरांनी इतर तपासण्या केल्या आणि शेवटी सांगितले, “दुपारनंतर चहा बंद.” आईने एका शब्दाने तक्रार केली नाही. पाच वाजता ती पूर्वीप्रमाणेच ओट्यावर येऊन बसे. फक्त हात रिकामे असत, आणि रिकाम्या हातांचे काय करावे हे न सुचून ती पदराचे टोक घड्या घालून पुन्हा उलगडीत राही. शाळेतून येताना कोपऱ्यावरूनच मला ते दिसे. दूध दिले, ते तिने मांजराला घातले. काढा दिला, तो ‘आजाऱ्याचा’ म्हणून नाकारला.

दिवाळीनंतर आमची कन्या बंगळूरहून सुटीवर आली. तिने एक लहानशी पुडी आणली होती. “आजीला चालेल असा चहा आहे,” ती म्हणाली, “जपानचा. भाजलेला हिरवा चहा.”

येथे एक घोटाळा झाला. सुरतेत ‘लीली चा’ म्हणजे शब्दशः हिरवा चहा; पण त्याचा अर्थ आपली गवती चहाची पात. पुदिना आणि लीली चा यांवाचून येथे घरोघरचा चहा पुरा होत नाही. आईने पन्नास वर्षांत एवढे गुजराती आत्मसात केले आहे. ती लगेच परसात गेली आणि गवती चहाची जुडी कापून आणून म्हणाली, “भाजून द्या कोणी. पण भाजून त्यात राहील काय?” हसणे आवरल्यावर कन्येने तिला समजावले की हे गवत नव्हे, खऱ्या चहाचीच पाने, पण न आंबविता वाफवून वाळविलेली आणि मग भाजलेली.

जपानीत या चहाला ‘होजिचा’ म्हणतात. त्यातला ‘चा’ तोच, जो गुजरातीतही आहे आणि आपल्या चहातही. १९२० च्या दशकात क्योतो येथील चहाच्या व्यापाऱ्यांनी उरलेली जाड पाने आणि देठ निखाऱ्यांवर भाजून ते विकण्यास सुरुवात केली, असे सांगतात. भाजल्याने पानांचा हिरवा रंग जाऊन तांबूस येतो, कडूपणा निघून जातो आणि भाजल्या धान्यासारखा खमंग वास येतो. झोप उडविणारे जे कॅफीन, ते कोवळ्या अंकुरात अधिक असते आणि जून पानांत व देठांत कमी. म्हणून जपानात हा चहा रात्रीच्या जेवणानंतर, मुलांना आणि वृद्धांनाही देतात. कॅफीन अगदीच नसते असे नव्हे. ही गोष्ट मी डॉक्टरांना विचारून घेतली; संध्याकाळी एक लहान कप घेण्यास त्यांची हरकत नव्हती.

पहिल्या दिवशी आईने कप नाकाशी नेला. “हाऊ चहा शे का काढा?” तिने आमच्या अहिराणीत विचारले. मग एक घोट घेतला आणि गप्प राहिली. कप मात्र रिकामा झाला.

पुडी आठ दिवसांत संपली. कन्येने किंमत सांगितली तेव्हा पुन्हा मागविण्याचा विचार मी सोडून दिला. आईने माळ्यावरून खापर काढविले. खानदेशी वाचकांना खापर सांगावयास नको. एरवी ते चुलीवर पालथे घालून त्याच्या पाठीवर पुरणाचे मांडे भाजतात. आईने ते उताणे ठेवले. पुढे कन्येने दाखविले की जपानी घरांतही चहा, तीळ आणि डाळी भाजण्यासाठी ‘होरोकु’ नावाचे बिनझिलईचे मातीचे भांडे असते. ते चित्र पाहून आई म्हणाली, “मग यात नवे काय?”

भागळच्या बाजारातून मी कांगड्याचा साधा हिरवा चहा आणला. ज्या गृहिणींना हा प्रयोग करावयाचा असेल त्यांच्यासाठी आमचा अनुभव देतो. खापर नसेल तर जाड बुडाचा कोरडा तवा चालेल. आच अगदी मंद ठेवून दोन मोठे चमचे पाने घालावीत आणि हात न थांबविता हलवीत राहावे. चार-पाच मिनिटांत पाने तपकिरी होतात आणि वास पालटतो. पहिला धूर दिसण्यापूर्वीच ती ताटात पसरावीत. खापर उतरल्यावरही बराच वेळ तापलेले राहते. आमचा पहिला घाणा गॅस बंद केल्यावर त्यातच राहिला आणि कोळसा झाला. नुसत्या हिरव्या चहाला उकळते पाणी सोसत नाही, तो कडवट होतो. भाजलेल्याला मात्र खुशाल उकळते पाणी घालावे. दूध घालावयाचे असल्यास पाने दुप्पट घेऊन तीन मिनिटे झाकून ठेवावीत. घरी भाजलेल्या कोवळ्या पानांत कॅफीन थोडे अधिक राहते, हे लक्षात ठेवून बेताने प्यावे.

येथवर सारे सुरळीत होते. पण कन्येला तेवढ्याने समाधान नव्हते. शहराच्या नव्या भागातील दुकानांत हल्ली एक थंड दुधचहा मिळतो. त्याच्या तळाशी काळे मऊ मणी असतात आणि ते जाड नळीने ओढून चावून खावयाचे असतात. ‘मोत्यांचा दुधचहा’ असे त्याचे चिनी नाव. तो १९८० च्या दशकात तैवानमध्ये निघाला, आणि ताइचुंग व ताइनान या दोन गावांतील दोन दुकाने ‘प्रथम आम्हीच’ असा दावा करतात. आमच्या सुरतेला थंड कोको आणि सब्जाचे बी घातलेला फालुदा यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. तिला पेयातून काही चावावे लागण्याचे नवल कसे वाटावे?

“हे मणी कशाचे?” आईने विचारले. “साबुदाण्याचेच म्हण,” कन्या म्हणाली.

आणि ते खरेच आहे. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्याच कसाव्याच्या पिठाचे ते मणी. सेलमकडे कंद सोलून, कुटून त्याचे सत्त्व पाण्यात निवळवितात, ओले पीठ हेलकावून त्याचे दाणे करतात आणि ते तापल्या पत्र्यावर शेकून वाळवितात. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून येणारा माल थांबल्यावर हा धंदा तेथे उभा राहिला. त्रावणकोरात या कंदाची लागवड १८८० नंतर महाराज विशाखम तिरुनाळ यांच्या उत्तेजनाने वाढली. पण मुळात कंद दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांनी तो ब्राझीलकडून आणला.

हे मी उत्साहाने सांगत होतो. आईचा चेहरा मात्र गंभीर झाला. “म्हणजे इतकी वर्षे माझी एकादशी परमुलखाच्या कंदावर झाली म्हणायची!” मला काय उत्तर द्यावे सुचेना. एम.ए.च्या अभ्यासक्रमात हा प्रश्न नव्हता. थोड्या वेळाने तिनेच निकाल दिला, “पांडुरंगाला चालले ना? मग झाले.”

मणी करण्याचा पहिला मान मी घेतला. साबुदाणा तसाच उकळला, तर त्याची खळ झाली. दुसऱ्या खेपेस कन्येने साबुदाणा दळून बारीक पीठ केले. पाव वाटी चिरलेला गूळ पाव वाटी पाण्यात उकळून तो उकळता पाक वाटीभर पिठावर ओतला, आणि हाताला सोसेल इतपत निवल्यावर मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळल्या. पाक उकळता नसेल तर पीठ बांधले जात नाही. गोळ्या भरपूर उकळत्या पाण्यात वीस मिनिटे शिजवून, पंधरा मिनिटे झाकून ठेवून, थंड पाण्यातून काढून पुन्हा गुळाच्या दाट पाकात मुरविल्या. पेला भरताना प्रथम पाकासह मणी, मग भाजक्या चहाचा गार अर्क आणि वरून थंड दूध. गूळ गरम दुधात घालू नये, दूध फाटते.

चवीला ते उत्तम झाले. गल्लीतली मुले रांगेने आली. लहान मुलांना मात्र नळी न देता चमचा द्यावा, नाहीतर मणी घशात अडकण्याची भीती असते. आईने एक मणी तोंडात घोळवला, कवळीशी त्याचे जमेना, तेव्हा हळूच बोटाने बाहेर काढून बशीत ठेवला. कन्या हिरमुसली. तिने हा सगळा खटाटोप आजीसाठीच केला होता.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी शाळेतून परतलो, तेव्हा आई ओट्यावर होती आणि हातात वाफाळता कप होता. तळाशी बारीक साबुदाणा, खिरीला शिजवितात तसा पारदर्शक, मऊ, दातांवाचून गिळता येईल असा. वर खापरावरचा चहा, दूध, चिमूटभर साखर आणि गवती चहाचे एक पान. तिचे तिनेच केले होते. शेजारच्या पटेल बहेन आणि समोरच्या ओडिया कुटुंबातील सूनबाई हातात वाट्या घेऊन बसल्या होत्या. “शुं छे, माजी?” बहेनने विचारले. आई क्षणभर थांबली. जपान, तैवान, ब्राझील, सेलम, कांगडा यांतले काहीच तिने सांगितले नाही. “आपणा सुरतनी चा,” ती म्हणाली.

त्या रात्री अकराच्या सुमारास मी तिच्या खोलीत डोकावलो. दिवा मालवलेला होता आणि तिचा श्वास संथ चालला होता. औषधाचा गुण, ओट्यावरच्या गप्पांचा की चहाचा, हे मी ठरवू शकत नाही. रोजच अशी झोप लागते असेही नाही. पण पदराच्या घड्या घालणे थांबले आहे.

आता पाहुणे आले की मी त्यांना सकाळी कतारगाम दरवाज्याला नेतो आणि पाचच्या आत लिंबायतला परत आणतो. आईला उशीर खपत नाही.