चाकाचे माप

मोटारीच्या चाकांविषयी एखाद्या वकिलाने लिहावे, आणि तेही देवस्थाने, कीर्तने व कुळकथा यांच्या सहवासात रमणाऱ्या वाचकांसाठी, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु ज्याने रथोत्सवात एकदा तरी रथाची दोरी ओढली आहे, त्यास चाक आणि मार्ग यांचे नाते नव्याने समजावून सांगावयास नको. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि भोवतीचे लाकडी वर्तुळ सुतार घडवीत असे. त्यावर लोखंडी धाव तापवून चढविण्याचे काम लोहाराचे. धाव सुताभर मोठी झाली तर सैल बसे. सुताभर लहान झाली तर चढतच नसे, आणि बळाने चढविलीच तर आऱ्यांवर ताण येई. लोखंडाच्या जागी आता हवा भरलेले रबर आले. माप चुकल्यास भोगावे लागते, ते मात्र बदललेले नाही.

आमचे वास्तव्य इंदुरास, आणि या नगरीचा चाकांशी संबंध तसा मोठा राजेशाही आहे. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, हे बहुतेकांस ठाऊक असते. त्याच महाराजांनी अमेरिकेतील ड्यूझेनबर्ग कंपनीची एक मोटारही खास सिद्ध करवून घेतली होती, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते. सांगाडा आणि यंत्र अमेरिकेचे, त्यावरील अंग लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांचे, साल १९३६. पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर १५३.५ इंच, म्हणजे जवळजवळ तेरा फूट. एका रांगेत आठ सिलिंडर. आणि यंत्रात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्यासह कंपनी ३२० अश्वशक्तीचा दावा करीत असे. याच घराण्यातील आरंभीच्या मोटारींना १९ इंची चाके असत. १९३५ च्या सुमारास काही गाड्यांना १७ इंची चाके दिली गेली आणि त्यांचे अंग अधिक खाली, जमिनीलगत आले. दोन इंचांचा फरक, परंतु त्याने गाडीचा सारा डौल पालटला.

त्या काळचा अंग घडविणारा कारागीर चाके हाती आल्यावर त्यांच्या भोवती गाडीची रेषा काढीत असे. आजच्या हौशी माणसापुढे याच्या उलट क्रम असतो. गाडीचे अंग ठरून गेलेले असते आणि त्यास चाक शोधावयाचे असते. हा उलटा क्रम अमेरिकेत मोठ्या थाटाने रूढ झाला. १९६४ साली पाँटिअॅक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचे, ३२५ अश्वशक्तीचे यंत्र बसवून 'जीटीओ' बाजारात आणली, आणि तेथून 'मसल कार' म्हणजे पहिलवानी मोटारींचे युग सुरू झाले, असे सर्वसाधारणपणे मानतात. बळ पहिलवानाचे, परंतु पायांत १४ इंची अरुंद टायर! साहजिकच पुढे तरुण मंडळी या गाड्यांना रुंद टायर व मोठ्या रिमा चढवू लागली.

आपल्याकडे अशा गाड्या जवळजवळ आल्याच नाहीत. त्यांची हौस बहुतेकांनी भागविली ती हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसावर. ही गाडी १९८४ पासून २००२ पर्यंत निघत होती. मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा, नंतरच्या काळातील १.८ लिटरचे यंत्र जपानच्या इसुझूचे. यंत्र बेताचेच, पण लांब नाक, चौकोनी खांदे आणि मागच्या चाकांना मिळणारी गती यांमुळे तिला लोकांनी पहिलवानांच्या पंक्तीस बसविले.

अशी एक कॉन्टेसा आमच्या भगिनीच्या घरी आहे. तिच्या यजमानांनी ती मोठ्या मायेने वापरली. त्यांच्या पश्चात ती भाच्याकडे आली. भाच्याने यंत्र दुरुस्त केले, रंग दिला आणि एके दिवशी आमच्याकडे येऊन म्हणाला, "मामा, आता चाके बदलायची आहेत. सतरा इंची रिमा पाहून ठेवल्या आहेत." भगिनी शेजारीच बसली होती. दर सोमवारी देवळात ती याच गाडीतून जाते. तिने भाच्याकडे न पाहता आम्हांसच विचारले, "आनी म्हजें पेंकट?" तिच्या कंबरेचा हा प्रश्न आम्हांस त्या क्षणी थट्टेचा वाटला. पुढे सारा निवाडा त्याच प्रश्नावर झाला.

टायरच्या अंगावर जे आकडे असतात ते दस्तऐवजाप्रमाणे वाचावे लागतात. समजा, लिहिले आहे २१५/७० आर १४. पैकी २१५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ७० म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा सत्तर इतकी टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची. आर म्हणजे रेडियल रचना. आणि १४ म्हणजे रिमेचा व्यास, तोही इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असा हा त्रिवेणी संगम! त्यापुढे ९१ एच असे काही असते. त्याचा अर्थ, एक टायर ६१५ किलो भार व ताशी २१० किलोमीटर वेग सहन करील. आणखी एक चार आकड्यांची खूण पाहावी. २३१९ असे असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात घडला. जुन्या गाडीस कमी वापरला गेलेला, दिसावयास कोरा, पण वयाने म्हातारा टायर विकणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या बोलण्यापेक्षा या खुणेची साक्ष मोलाची.

आता हिशेब. वरील टायरचा एकूण व्यास येतो सुमारे ६५७ मिलिमीटर. त्याच्या जागी एक इंच मोठी रिम घेऊन २२५/६० आर १५ घातला तर व्यास येतो ६५१. सतरा इंची रिम घेऊन २४५/४५ आर १७ घातला तरी ६५२. म्हणजे रिम तीन इंचांनी वाढली, तरी चाकाचा बाहेरचा व्यास जवळजवळ आहे तोच राहिला, कारण रिम वाढली तितकी रबराची भिंत घटली. चाके बदलण्याच्या साऱ्या शास्त्राचा हा पाया आहे: आतले काहीही बदला, बाहेरचे माप शेकडा एक-दोनच्या आत राखा. हे न जुमानता कोणी २३५/७५ आर १५ चढविला, तर व्यास ७३३ च्या पुढे जाईल. वेगदर्शक काटा चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजीत नाही. त्यामुळे काटा ८० दाखवील तेव्हा गाडी ८९ च्या सुमारास धावत असेल. द्रोणपर्वात धर्मराजाचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चालत असे आणि एका अर्धसत्याने तो खाली आला, अशी कथा आहे. येथे क्रम उलटा: रथ चार बोटे उंच केला की काटाच अर्धसत्य बोलू लागतो. शिवाय मोठे चाक फिरविण्यास यंत्राला आणि थांबविण्यास ब्रेकला अधिक कष्ट पडतात, ते वेगळेच.

रुंदीविषयीही एक गोड गैरसमज आहे. टायर रुंद केला की जमिनीला अधिक रबर लागते, असे सर्वजण धरून चालतात. बाराशे किलोच्या गाडीचे एका चाकावर तीनशे किलो येतात. हवेचा दाब ३० पौंड ठेवला तर जमिनीला टेकणारा भाग सुमारे १४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एका तळहाताएवढा. दाब तोच ठेवून टायर रुंद केला तर हा तळहात फार मोठा होत नाही. तो लांबट होता तो आडवा होतो. कोरड्या रस्त्यावर वळणात त्याचा लाभ आहे, यात संशय नाही. परंतु पावसाने रस्त्यावर पाणी साचले की अरुंद टायर पाणी कापीत जातो आणि रुंद टायर त्यावर तरंगू पाहतो. कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले. माळव्याची काळी माती आषाढात पाहिलेल्या माणसाला त्या कथेचे नवल वाटत नाही. पण पाण्यावर तरंगणारे चाक त्याहून घातक, कारण ते सारथ्याला आगाऊ सूचना देत नाही.

तिसरी बाब रिमेच्या बैठकीची. रिम ज्या जागी गाडीला टेकते ती जागा रिमेच्या मध्यापासून किती आत वा बाहेर आहे, यास ऑफसेट म्हणतात. रुंद रिम आत गेली तर स्प्रिंगेस घासते, बाहेर आली तर चिखलपाट्यास घासते आणि बेअरिंगवर ताण आणते. बोल्टांची जागा जुळली म्हणजे रिम जुळली, असे मुळीच नव्हे. आम्ही भाच्याला पुठ्ठ्याचे पूर्ण चाक कापून आणावयास लावले, स्टिअरिंग दोन्ही अंगांना शेवटपर्यंत फिरवून पाहिले, आणि मागच्या आसनावर घरातील भरदार अशी तीन माणसे बसविली. रिकामी गाडी उभी असता जे चाक मोकळे दिसत होते, ते आमच्या एका काकांनी बूड टेकताच पत्र्याला भिडले. सतरा इंची रुंद जोडी बसवावयाची तर मागचा पत्रा कापावा लागेल, हे तेव्हा उघड झाले.

येथे आमचा धर्म, म्हणजे वकिली, जागी झाली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे की, निर्मात्याने मूळ दिलेल्या व नोंदणीपत्रात आलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हाच अर्थ ठामपणे सांगितला. खाजगी मोटारीच्या टायरचे माप नोंदणीपत्रात असतेच असे नाही, म्हणून तेथे सारे मोकळे आहे असे कित्येक समजतात. परंतु १९८९ च्या केंद्रीय नियमांत टायरची स्थिती व आकार यांविषयी स्वतंत्र नियम आहेत, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीचा वकील प्रथम टायरच वाचतो. आणखी एक गोष्ट दूरदर्शीपणाने पाहावयाची. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांस वारसावाहन म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम केले. अट अशी की सांगाडा, अंग व यंत्र यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. सर्वांत पहिली कॉन्टेसा पन्नास वर्षांची होईल २०३४ मध्ये. आज कापलेला पत्रा त्या दिवशी साक्ष देण्यास उभा राहील.

न्यायालयात अंतरिम हुकूम आणि अंतिम हुकूमनामा असा भेद असतो. बोल्ट काढून जे पूर्ववत् करता येते ते अंतरिम. करवतीने जे केले ते अंतिम, आणि त्यावर अपील नाही. भाच्याला आम्ही इतकेच सांगितले की, हौस अंतरिम हुकुमाच्या मर्यादेत भागवावी. तो थोडा हिरमुसला. "बाबांची गाडी ती बाबांचीच राहणार, माझी कधी होणार?" असे तो म्हणाला. या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. वारसाने वस्तू मिळते, तिच्यावर आपला हात फिरल्यावाचून ती आपली होत नाही, हे खरे आहे. आणि त्या हाताला कापण्याचा अधिकार कोठवर, हेही ठरावे लागते.

उत्तर दिले ते भगिनीने. इंदुरापासून जवळच पीथमपुरास ११.३ किलोमीटर घेराची वेगचाचणीची धावपट्टी २०२१ मध्ये खुली झाली आहे. तेथे ४५ टक्क्यांची बारीक भिंत शोभेलही. पण भगिनीच्या घरापासून देवळापर्यंत तिने मोजलेले गतिरोधक आहेत अकरा. वरच्या हिशेबात चौदा इंची रिमेवर रबराची भिंत १५० मिलिमीटर होती, पंधरा इंचीवर १३५, सतरा इंचीवर ११०. रस्त्याचा दणका आणि माणसाची कंबर यांच्यामध्ये पहिला मऊपणा असतो तो या भिंतीचा. अखेर मूळ मापाहून एकच इंच मोठी रिम, एक पायरी रुंद टायर आणि जवळजवळ तोच व्यास, असे ठरले. पत्रा कापला गेला नाही. जुन्या पाच रिमा भाच्याने घासून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. वडिलांनी त्यांतील एकीवर आतल्या बाजूस पांढऱ्या रंगाने खरेदीची तारीख लिहिली होती, ती तेव्हा प्रथम त्याच्या दृष्टीस पडली. तो बराच वेळ काही बोलला नाही.

आपल्या मंडळींस जीर्णोद्धाराचा अनुभव आहे. सभामंडप नवा होतो, कौले जाऊन तांब्याचा पत्रा येतो, दिवे बदलतात, आणि कोणी त्यास हरकत घेत नाही. परंतु गाभाऱ्याचे माप हलविण्याची वेळ आली की साऱ्या महाजनांचा स्वर एकदम खाली येतो. प्रत्येक वस्तूस असा एक गाभारा असतो. तो कोणता, हे आधी ओळखावे; मग उरलेल्या जागेत पुढच्या पिढीने हवा तितका रंग भरावा. मोटारीच्या बाबतीत तो जमिनीपासून आसापर्यंतच्या वीतदीड वीत अंतरात असतो, एवढेच आम्हांस या प्रकरणात कळले.