मगाचंच की!

कलबुर्गीला तेव्हा सगळे गुलबर्गाच म्हणत. तिथं मानसशास्त्र शिकत असताना एका जूनमध्ये प्रबंधाचे कागद घेऊन मी भालकीजवळच्या आजोळी गेलो. प्रश्न साधा होता: आमच्याकडच्या दोन्ही भाषा येणाऱ्या पोरांना शब्द जास्त लक्षात राहतात ते मराठीतले की कन्नडमधले? आराखडाही साधाच होता. मराठी शाळेतल्या वीस मुलांना मराठी शब्द द्यायचे, कन्नड शाळेतल्या वीस मुलांना कन्नड, आणि सरासरी काढायची.

मामा पडवीत तुरीच्या बियाण्याची बॅग उघडत होते. शिवणीचं नेमकं टोक सापडलं की दोरा एका दमात सर्रकन निघतो; ते टोक ते चष्मा कपाळावर सरकवून शोधत होते.

"काय लिहिलालास रे?"

मी सांगितलं. दोरा निघाला, मग म्हणाले, "एक बॅग नाल्याकडच्या काळ्या रानात पेरली अन् दुसरी माळावरच्या मुरमाटात, तर तू बियाणं बघितलास का जमीन?"

"मग तुम्ही काय करता?"

"एकाच रानात चार तास ह्याचे, चार तास त्याचे."

दोन शाळा म्हणजे दोन रानं. मास्तर वेगळे, घरं वेगळी, आणि मी फरक भाषेच्या नावावर टाकायला निघालो होतो.

रोनाल्ड फिशर 1919 साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात लागला आणि 1935 मध्ये त्याने 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' लिहिलं, हे मी नंतर वाचलं. आमच्या पुस्तकातला 'ब्लॉक' हा मुळात रानाचा तुकडा. वर्गात कुणी हे सांगितलंही असेल. माझं लक्ष नव्हतं. मामा तास ओळीने सोडत, फिशर चिठ्ठ्या टाकायला लावतो, एवढाच दोघांत मतभेद.

मग ठरवलं, प्रत्येक मुलाला दोन्ही भाषा द्यायच्या. आधी गावातल्याच चारपाच पोरांवर करून पाहिलं. आठेक वर्षांच्या एका मुलीला घर, झाड, पाणी, दूध अशी यादी वाचून दाखवली. तिने आठवतील ते शब्द लिहिले. मग कन्नड यादी घेतली: मने, मर, नीरु... तिसऱ्याच शब्दाला ती हसायला लागली.

"दादा, हे मगाचंच की!"

खरंच मगाचंच होतं. मी अर्थ तेच ठेवून भाषा बदलली होती. पहिली यादी दुसरीला मदत करत होती, आणि वर पोर कंटाळली होती ते वेगळंच. संध्याकाळी मामांना म्हटलं, "माणूस काही रान नव्हे, त्याला मागचं आठवतं." ते म्हणाले, "रानालाबी आठवतंय. तुरीच्या बेवडावरची ज्वारी बघ की एकदा."

शेवटी वेगळ्या अर्थांच्या दोन याद्या केल्या, दोन्ही दोन्ही भाषांत. निम्म्यांना मराठी आधी, निम्म्यांना कन्नड. त्यातही याद्यांची अदलाबदल. असे चार क्रम झाले. चाळीस चिठ्ठ्या मामीच्या चहापत्तीच्या डब्यात घालून हलवल्या. प्रत्येक क्रमाला दहा मुलं आली.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मामांचं नाव आहे, फिशरच्या आधी. त्या मुलीचं नाही. चाचणीत भाग घेतलेल्या मुलांची नावं छापायची नसतात, आणि आधी करून पाहिलेल्यातली म्हणून तिचा कागद मोजणीतही धरला नाही. तो माझ्याकडे आहे. दुधातला 'ध' तिने उलटा काढलाय, आणि वरच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, 'रद्द'.