शलाकेचा जमाखर्च

रडारच्या अँटेना-रचनेची योग्यता तिच्या मुख्य शलाकेच्या सामर्थ्यावरून ठरवावी, असा या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचा स्वाभाविक कल असतो. परंतु याच कामात आयुष्य वेचल्यानंतर माझे मत असे बनले आहे की, जिकडे पाहावयाचे नाही तिकडे ती किती निष्ठेने अंधार राखते, यावरच तिची खरी पारख व्हावी.

ओळीतील सर्व अँटेनांना समान शक्ती दिली, तर शलाका निमुळती होते खरी. पण तिच्या दोहों बाजूंस उगवणारा पहिला साइडलोब शिखराहून अवघा 13 डेसिबल खाली, म्हणजे मुख्य शक्तीच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतका प्रबळ राहतो, आणि निरभ्र आकाशातून येणारा क्षीण प्रतिध्वनी, त्या चोरवाटेने शिरलेल्या एखाद्या डोंगराच्या परावर्तनाखाली पार बुडून जातो. यावर तजवीज एकच : मध्यभागी शक्ती अधिक द्यावी व काठाकडे ती उतरती ठेवावी. साइडलोबची मर्यादा एकदा मुक्रर केली की शलाका कमीत कमी किती रुंद होऊ द्यावी लागेल, याचा चोख हिशेब डॉल्फ यांनी 1946 साली चेबिशेव्ह बहुपदींच्या आधारे मांडला; पुढे 1955 साली टेलर यांनी त्याला अधिक व्यवहार्य रूप दिले.

या विचाराचा भव्य दाखला तिरुपतीजवळ गादंकी येथे आहे. मुंबईच्या ‘समीर’ संस्थेने घडविलेल्या, 53 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या त्या एमएसटी (मेसोस्फिअर-स्ट्रॅटोस्फिअर-ट्रोपोस्फिअर) रडारात 130 मीटर चौरसावर 1024 यागी अँटेना 32 ओळींत उभ्या आहेत. मूळ रचनेत 32 ट्रान्समीटरांपैकी काहींची शक्ती 120 किलोवॉट, तर काहींची त्या मानाने बरीच कमी होती, आणि या हेतुपुरस्सर विषमतेतून 3 अंशांची शलाका व 20 डेसिबल खालचे साइडलोब साधले होते. अँटेनांतील अंतर 0.7 तरंगलांबी असल्याने शलाका सुमारे 25 अंशांपलीकडे झुकविली, तर क्षितिजाकडून ग्रेटिंग लोब, म्हणजे मुख्य शलाकेचीच नको असलेली प्रतिकृती, डोके वर काढील. म्हणूनच तिची मजल 20 अंशांपर्यंतच ठेवलेली आहे.

तथापि कागदावरचा आराखडा मैदानात आपोआप उतरत नाही. या कंप्रतेला पॉलिथिन-रोधित केबलची लांबी 10 सेंटिमीटरने चुकली, तरी त्या अँटेनेची कला जवळजवळ 10 अंशांनी सरकते. अशा बारीकसारीक चुका शेकडो जोडण्यांत विखुरल्या की, गणिताने दाबलेले साइडलोब पुन्हा वर येतात. म्हणून प्रत्येक केबल मोजावी, प्रत्येक जोड तपासावा, शेजारच्या अँटेनांचा परस्परप्रभाव प्रत्यक्ष मापून हिशेबात धरावा, यांत कसूर होता कामा नये.

या व्यवसायात येणाऱ्या तरुणांना माझे आग्रहाचे सांगणे इतकेच की, साइडलोबची मर्यादा ठरविण्यापूर्वी आपल्या जोडण्यांतील चुका मोजून घ्या. त्या चुकांमुळे जी मर्यादा प्रत्यक्षात टिकणारच नाही, तिच्यासाठी शलाकेची रुंदी खर्ची घालणे हा शुद्ध अपव्यय होय.