सात परस विहिरीतला लंबक

'रीडिंग बसवणं' हा वाक्प्रचार मी बी.एस्सी.च्या पहिल्याच महिन्यात शिकलो. व्हर्निअर वाचायला त्यानंतर शिकलो.

2012 सालची गोष्ट. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावाहून रोज एसटीनं जालन्याला कॉलेजात जायचो. बारावीपर्यंत प्रयोग म्हणजे फळ्यावरची आकृती आणि जर्नलमध्ये तिची नक्कल. त्यामुळं पहिल्यांदा स्क्रू गेज हातात आलं तेव्हा मी आधी स्वतःच्या डोक्याचा केस मोजला, मग आजीचा पांढरा केस आणून मोजला. न्यूटनची कडी दिसली तो दिवस तर अजून डोळ्यांसमोर आहे. अंधारी खोली, सोडियमचा दिवा आधी तांबूस आणि मग हळूहळू हळदीसारखा पिवळा झालेला, मायक्रोस्कोपात मधोमध काळा ठिपका आणि त्याभोवती पिवळी-काळी कडी, आत जावं तशी रुंद, बाहेर यावं तशी बारीक. प्रकाशाची तरंगलांबी मायक्रोस्कोप सरकवून मोजता येते, हे मला पुस्तकात वाचूनही खरं वाटलं नव्हतं. तेवढ्यात लाइट गेली. दिवा थंड होऊन पुन्हा पेटेपर्यंत तासिका संपली, म्हणून उरलेली कडी सीनियरच्या जर्नलमधून उतरवली.

असंच सगळं चालायचं. बार पेंडुलमच्या वेळी तर आमच्या बॅचनं कळस केला. भोकं पाडलेली लोखंडी पट्टी, एकेका भोकात नाइफ एज अडकवून पट्टी झुलवायची, 20 आंदोलनांचा वेळ घ्यायचा, आलेख काढायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे 'जी'ची किंमत काढायची. माझं उत्तर आलं 9.74. शेजारच्याचं 9.86. आम्ही दोघांनी 9.81 पासून उलटं गणित केलं आणि त्याला साजेसे वेळ लिहून टाकले.

सरांनी जर्नलं तपासली, सह्या केल्या आणि पुढच्या तासाला शांतपणे म्हणाले, "चौदा मुलं, चार पट्ट्या, तीन स्टॉपवॉच. त्यातलं एक मागं पडतं, हे मला माहीत आहे. तरी चौदाही जणांचा जी 9.81? आणि हा जी आहे कुठला? जालन्याचा?"

जीला गाव असतं, हे आम्हाला नवीनच होतं. मग सरांनी रिशे नावाच्या फ्रेंच माणसाची गोष्ट सांगितली. 1672 मध्ये तो पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तर त्याचं लंबकाचं घड्याळ रोज अडीच मिनिटं मागं पडायला लागलं. पृथ्वी सगळीकडं सारखी ओढत नाही. पुस्तकातलं 9.80665 हा 1901 साली आंतरराष्ट्रीय परिषदेनं ठरवलेला प्रमाण आकडा, 45 अंश अक्षांश धरून. आपल्याकडं कॅप्टन बसेवी 1865 पासून सर्व्हेसाठी लंबक घेऊन देशभर हेच मोजत फिरला आणि 1871 मध्ये लडाखात काम करता करताच वारला.

"मग जालन्याचा किती, सर?"

"मी सांगितला की तुम्ही तोही बसवाल. मोजून आणा."

ते मला लागलं. लॅबमधल्या मीटरभर पट्टीनं हे होणार नव्हतं. लंबक जितका लांब, तितकी एक-दोन मिलिमीटरची चूक आणि बोटाची घाई कमी सलते. पण लांब लंबक टांगायचा कुठं? संक्रांतीला घरी गेलो आणि उत्तर शेतातच सापडलं. त्या साली दुष्काळ असा होता की म्हातारी माणसं बहात्तरची आठवण काढायची. आमची सात परस खोल विहीर जानेवारीतच कोरडी पडली होती, बांधावरची मोसंबी वाळत होती. आत वारा नाही, उतरायला पायऱ्या. लंबकाला आणखी काय पाहिजे?

जालन्याच्या भंगारवाल्याकडून तीनेक किलोचा लोखंडी गोळा आणला आणि त्याला कडी वेल्ड करून घेतली. पहिल्या दिवशी सगळं फसलं. नायलॉनची दोरी ताणत राहिली, रहाटाचा कणा डुगडुगला, गोळा सरळ झुलायच्या ऐवजी लांबट गोल फिरायला लागला. उत्तर आलं 9.6 आणि काहीतरी. दुसऱ्या दिवशी विहिरीवर लोखंडी अँगल आडवा टाकला, दोन्ही टोकांना दगड चेपले, सळई बांधायची तार दोन पट्ट्यांत आवळून खाली सोडली. गोळा टांगल्यावर, तार ताणल्यानंतर, गवंड्याच्या टेपनं लांबी घेतली. गोळ्याच्या मध्यापर्यंत 8.02 मीटर. पाचेक मिलिमीटर इकडं-तिकडं असणार, तेही लिहून ठेवलं.

चुलतभाऊ खाली बसून झोके मोजायचा, मी मोबाइलचं स्टॉपवॉच धरायचो. झोका वीतभरच द्यायचा, जास्त दिला तर सूत्र बिघडतं. एक आंदोलन पावणेसहा सेकंदांच्या आत, शंभराला साडेनऊ मिनिटं.

तिसऱ्या खेपेला विहिरीच्या काठावर माणसं जमली. पाणी लागेना म्हणून गावोगाव पाणाडे फिरत होते, कोणी नारळ घेऊन, कोणी कडुलिंबाची काटकी घेऊन. शेजारचे आबा वाकून म्हणाले, "गोळा कोनीकडं वळू राह्यला रे?"

"आबा, पाणी नाही बघू राह्यलो. पृथ्वी किती ओढती ते मोजू राह्यलो."

"ती तर ओढतीच हाय. पान्याचं सांग."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. या गडबडीत भावाची मोजणी चुकली आणि वेळ आला 563.3 सेकंद. एक झोका जास्तीचा मोजला गेला होता. चूक आपोआप पकडली गेली याचा मला एवढा आनंद झाला की आबांना वाटलं, झरा सापडला.

हिशोब पाच वेळा मोजून होईपर्यंत करायचा नाही, असं ठरवलं होतं. मन उत्तराकडं ओढतं, हे 9.81 नं शिकवलं होतं. आकडे आले ते असे: 568.9, 569.2, 568.7, 569.1, 569.1. सरासरी 569.0. रात्री दिव्याखाली गणित केलं: 9.78. शंभर झोक्यांत तीन दशांश सेकंद आणि लांबीत पाच मिलिमीटर चूक धरली, तरी एक शतांशाच्या आसपासच हलत होतं. जी खरंच 9.81 असता, तर शंभर झोके 568.1 सेकंदांत व्हायला हवे होते. सगळा वाद साडेनऊ मिनिटांतल्या नऊ दशांश सेकंदांचा होता.

सरांनी कागद उलटसुलट पाहिला. लांबी कशी घेतली, झोका किती दिला, चुकलेलं रीडिंग का काढलं, सगळं विचारलं. मग फळ्यावर अक्षांशाचं सूत्र मांडलं, समुद्रसपाटीपासूनची पाचेकशे मीटर उंची वजा केली. 9.785 च्या आसपास आलं. ते "शाब्बास" म्हणाले नाहीत. म्हणाले, "आता तुझं 9.74 कुठं चुकलं ते शोध."

ते नाइफ एजमध्ये चुकलं होतं. तिची धार झिजली होती, पट्टी थोडी घसरायची.

मार्चमध्ये वार्षिक प्रॅक्टिकलला चिठ्ठी उचलली, तर बार पेंडुलमच. उत्तर आलं 9.75. तेच लिहिलं आणि खाली त्रुटीचा हिशोब मांडला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "एवढा फरक?" मी झिजलेली धार दाखवली. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडं गेले. तिथं 9.81 आलं होतं. त्या मुलाला माझ्यापेक्षा पाच मार्क जास्त पडले.

विहिरीला त्या जुलैत पाणी आलं. अँगल तसाच आडवा आहे, आता त्यावर पाणबुडी मोटारीचा दोर बांधलेला असतो.