आत्मस्तुती नव्हे, आत्मनिवेदन

आपल्या तोंडाने आपली थोरवी सांगू नये, हा संस्कार आमच्या घराघरांतून मुलांवर होत आला आहे. परंतु ब्रिटनमधील विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्यास स्वतःविषयी लिहिणे भागच असते. तेथील अर्ज ‘यूकॅस’ या संस्थेमार्फत जातात आणि त्यांत एक वैयक्तिक निवेदन असते. पूर्वी तो सलग निबंध असे. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झाले. हाच विषय का, शिक्षणाने त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले व त्याचा उपयोग कोणता? तिन्ही उत्तरे मिळून, मोकळ्या जागा धरून, ४,००० अक्षरचिन्हांत बसवावयाची.

फोंड्याच्या आमच्या भाचीस अर्थशास्त्र शिकावयाचे आहे. तिने प्रथम लिहिले, ‘मी अत्यंत मेहनती व जिज्ञासू आहे.’ आम्ही विचारले, ‘बाय, हे कशावरून?’ ती गप्प राहिली. मग हळूहळू सांगू लागली. जत्रेत देवळाच्या कचेरीत पावत्या लिहिताना तिला दिसले होते की, नारळ महागले तरी देवीच्या ओट्या कमी झाल्या नाहीत. असे का, हे तिने नंतर पुस्तकांतून शोधले होते. आम्ही म्हटले, ‘हेच लिही.’

नवविधा भक्तीत आत्मनिवेदन हे शेवटचे. तेथे ‘मी’ अर्पण करावयाचा असतो. अर्जातील निवेदन ऐहिक खरे. तरी तेथेही ‘मी’ मागे सरून काम पुढे आले, म्हणजे शब्दांस वजन येते. आमच्या मुलांनी विनय सोडू नये. संकोच तेवढा सोडावा.