पीळ कोणाचा?

महसूल खात्यात आयुष्य गेल्याने आम्हांस मालमत्तेविषयी एकच प्रश्न सुचतो: स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित? दीर्घिकांच्या फिरण्याविषयीही तोच सुचला. शास्त्रज्ञ सांगतात की, दीर्घिका घडत असताना सभोवारच्या असमान वस्तुमानाने तिला ओढले व पीळ दिला. म्हणजे गती शेजाऱ्यांकडून आलेली. आम्हां इंदूरकरांच्या मराठीतील हिंदी वळणासारखी! विश्वजालाच्या धाग्यांवरील लहान दीर्घिकांचा अक्ष बहुधा धाग्याला समांतर असतो, विलीनीकरणातून थोर झालेल्यांचा आडवा. २०२१ साली पॉट्सडॅमच्या संशोधकांनी हजारो धागे तपासून दाखविले की, कोट्यवधी प्रकाशवर्षे लांबीचे हे धागेही फिरतात: धाग्याच्या मानाने एका काठच्या दीर्घिका आपल्याकडे येतात, दुसऱ्या काठच्या दूर जातात. धाग्याला पीळ कोणी दिला, याचा दाखला मात्र अद्याप कोणाच्याच दप्तरी नाही.